घरसंसार : कमी घातक, पण कशापेक्षा?



मागच्या पंधरवड्यात अंबरनाथकडच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले. पत्र चार पानांचे आहे. त्यातला मुद्द्याचा भाग असा : "आमचे मालक तीस वर्षांपासून विडी ओढतात. दिवसाला दीड बंडल संपते. पावसाळा लागला की रात्रभर खोकला. थोरला मुलगा मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. त्याने बापासाठी कुठूनतरी पेनासारखी एक नळी आणली. म्हणाला, बाबा, विडी सोडा, हे ओढा. यात धूर नाही, नुसती वाफ आहे, इंग्लंडचे डॉक्टर स्वतः देतात. यांनी दोन झुरके घेतले, ठसका लागला, पुन्हा विडी पेटवली. आता ती नळी मुलाच्याच खिशात असते. तो आजवर विडी-सिगारेटला शिवला नव्हता. नळी ठेवू की गटारात टाकू?" आणि शेवटी एक ओळ : "मला स्वतःला कसलेही व्यसन नाही, मी फक्त सकाळ-संध्याकाळ मशेरी लावते."

('मालक' हा शब्द आपल्या भगिनी कधी सोडणार, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. तूर्त विडीकडे वळू.)

"टाकून द्या" असे एका ओळीत उत्तर देता आले असते. पण मुलगा खोटे बोललेला नाही. त्याने जे ऐकले त्यात तथ्य आहे. आपण त्याला सरसकट खोटे ठरवले, तर उद्या तो आपले खरे बोलणेही ऐकणार नाही. म्हणून आधी त्याची बाजू नीट समजून घेऊ.

या नळीला इलेक्ट्रॉनिक सिगारेट किंवा नुसते 'वेप' म्हणतात. आत छोटी बॅटरी, तारेचे वेटोळे आणि एक द्रव असतो. द्रवात निकोटीन, सुगंध आणि ग्लिसरीनसारखे पदार्थ. झुरका घेतला की तार तापते आणि द्रवाची वाफ होते. तंबाखू जळत नाही, हा सगळा फरक. चीनमधील होन लिक नावाच्या औषधशास्त्रज्ञाने २००३ मध्ये आजच्या धर्तीची नळी तयार केली. तो स्वतः सिगारेट ओढणारा, आणि बाप फुप्फुसाच्या कर्करोगाने गेलेला.

तंबाखूचे व्यसन लावते ते निकोटीन. पण ओढणाऱ्याचा जीव मुख्यतः घेतो तो जळण्यातून निघणारा डांबरासारखा चिकट पदार्थ, कार्बन मोनॉक्साईड वायू आणि धुरातली कर्करोग लावणारी इतर रसायने. मायकेल रसेल या ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी १९७६ सालीच हे मांडले होते की माणूस धूम्रपान करतो निकोटीनसाठी आणि मरतो डांबरामुळे. म्हणून विचार असा निघाला की ज्याला व्यसन सुटतच नाही, त्याला निकोटीन मिळू द्यावे, पण धुराशिवाय. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य संस्थेने २०१५ मध्ये असा अंदाज दिला की वेप हे सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक असावे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये जवळपास तेच म्हटले. हीच ती संस्था, जिने १९६२ मध्ये धूम्रपानाविरुद्ध अहवाल काढून सिगारेट कंपन्यांची झोप उडवली होती. तेव्हा ही माणसे कंपन्यांची दलाल आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुढे २०२३ मध्ये तिथल्या सरकारने दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना सिगारेटच्या बदल्यात वेप देण्याची योजना जाहीर केली. मुलाच्या कानावर आले ते हे.

इंग्लंडमध्ये ८८६ लोकांवर एक पद्धतशीर चाचणी झाली. ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. अर्ध्या लोकांना वेप दिले, अर्ध्यांना निकोटीनच्या गोळ्या, पट्ट्या, च्युइंगम वगैरे, आणि दोन्हीकडे समुपदेशक. वर्षानंतर वेपवाल्यांपैकी १८ टक्के लोकांची सिगारेट सुटली होती, दुसऱ्या गटात सुमारे १० टक्क्यांची. वेप सरस ठरले, हे मान्य केले पाहिजे. पण दोन गोष्टी याच आकड्यांत दडल्या आहेत. वेप दिलेल्या शंभरातल्या ८२ जणांना वर्षभर सिगारेट सोडता आली नाही. आणि ज्या १८ जणांची सुटली, त्यांच्यातले दहापैकी आठ जण वर्ष उलटल्यावरही वेप ओढतच होते. दुसऱ्या गटात ज्यांची सिगारेट सुटली, त्यांच्यात शंभरातले नऊच जण औषधी निकोटीन घेत राहिले होते. म्हणजे वेपने सिगारेट सोडवली, निकोटीन नाही सोडवले.

शिवाय ही नळी बाजारात येऊन वीस-बावीस वर्षेच झाली. धूम्रपानाने होणारा फुप्फुसाचा कर्करोग दिसायला वीस-तीस वर्षे लागतात. तेव्हा ९५ टक्के हा आकडा आजच्या माहितीवर काढलेला अंदाज आहे. त्याला वजनकाट्यावरचा आकडा समजू नये.

आता मुख्य गोष्ट. 'कमी घातक' हे शब्द एकटे उभे राहू शकत नाहीत. कशापेक्षा कमी, हे विचारावे लागते. चौथ्या मजल्यावरून पडण्यापेक्षा पहिल्या मजल्यावरून पडलेले बरे, यात वाद नाही. पण जो जमिनीवर उभा आहे त्याला पहिल्या मजल्यावर चढवून खाली ढकलण्याला कोणी 'हानी कमी केली' म्हणणार नाही. बाप चौथ्या मजल्यावर आहे, मुलगा जमिनीवर होता. त्यामुळे एकाच घरात, एकाच नळीबद्दल दोन वेगळी उत्तरे द्यावी लागतात. बापाने विडी पूर्ण टाकून वाफ घेतली असती तर त्याचे नुकसान बहुधा घटले असते. मुलाचे नुकसान शून्यावरून सुरू झाले आहे. कोवळ्या वयात निकोटीन लवकर पकडते आणि उशिरा सोडते. आंब्याच्या, पुदिन्याच्या वासाची, पेनड्राईव्हसारखी दिसणारी नळी तीस वर्षे विडी ओढलेल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली नाही, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. ज्या ब्रिटनचा दाखला मुलगा देतो, त्याच ब्रिटनने शाळकरी पोरांच्या हातात नळ्या दिसू लागल्यावर आणि कचरा वाढल्यावर, एकदा वापरून फेकायच्या वेपवर १ जून २०२५ पासून बंदी घातली. आणि अमेरिकेत 'आल्ट्रिया' या सिगारेट कंपनीने २०१८ मध्ये 'जूल' या वेप कंपनीचा ३५ टक्के हिस्सा १२८० कोटी डॉलरना विकत घेतला होता. लोकांची सिगारेट सुटावी म्हणून सिगारेट कंपनी एवढा पैसा ओतते, यावर ज्याला विश्वास ठेवायचा असेल त्याने ठेवावा.

बरे, बापाला तरी ती नळी द्यावी का? आपल्या देशात नाही. भारतात १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. वेपचे उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठा, जाहिरात, सगळ्यावर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसता साठा केला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. दुकानाच्या गल्ल्याखाली चार नळ्या ठेवायला 'मित्राने सांगितले' म्हणून तयार होणारी पोरे आपल्याच वस्तीतली असतात, आणि पोलीस आले की मित्र सापडत नाही. त्या भगिनीने हे मुलाला जरूर ऐकवावे.

या कायद्यावर आमचा एक आक्षेप आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. तुलनेने कमी घातक वस्तूवर बंदी, आणि जास्त घातक सिगारेट-विडी मात्र कोपऱ्यावरच्या टपरीवर दिवसभर उघड, हे तर्काला धरून नाही. सिगारेटवर कर मिळतो, सिगारेट कंपनीच्या भागभांडवलात सरकारी विमा महामंडळाचे पैसे आहेत. हात लावायचा तर तिथेही लावायला हवा होता. पण आक्षेप असला तरी चोरून आलेली नळी सुरक्षित होत नाही. इंग्लंडमध्ये द्रवात किती निकोटीन असावे याला मर्यादा आहे, तपासणी आहे. इथे चोरबाजारातल्या नळीत काय भरले आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. अमेरिकेत २०१९ मध्ये वेप ओढणाऱ्यांत फुप्फुसाचा भयंकर विकार पसरला. फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०७ जण रुग्णालयात दाखल झाले आणि ६८ दगावले. कारण प्रामुख्याने गांजाचा अर्क असलेल्या बेकायदा द्रवात मिसळलेले एक तेलकट जीवनसत्त्व निघाले. दुकानातल्या साध्या निकोटीनच्या नळीने ते प्रामुख्याने झाले नव्हते, पण बेकायदा मालात कोण काय मिसळील याचा नेम नसतो, हे त्यातून दिसले.

इथवर नळीची गोष्ट झाली. पण खरे सांगायचे तर त्या पत्रातल्या शेवटच्या ओळीने आम्हाला अधिक अस्वस्थ केले. "मी फक्त मशेरी लावते." हा 'फक्त' शब्द आपल्या घराघरांत आहे.

केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे प्रौढ शेकडा ३.८ आहेत. तंबाखू चघळणारे, मळणारे, दातांना लावणारे मात्र शेकडा २४.४. बायकांत ओढणाऱ्या १.४ आणि बिनधुराची तंबाखू घेणाऱ्या १६.६. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. इंग्लंडचा प्रश्न धुराचा आहे, त्यांनी त्याचे उत्तर वाफेत शोधले. आपल्याकडे धूर थोडा आणि चिमूट फार. जिथे जळणेच नाही, तिथे 'न जळणारी तंबाखू' हे उत्तर कसे लागू पडणार?

उलट आपल्याकडे 'कमी घातक' म्हणून ज्या अदलाबदली चालतात त्या पाहा. सिगारेट परवडत नाही, विडी देशी म्हणून सौम्य, असे समजून माणूस विडीवर येतो. वास्तविक तेंदूचे पान हवा नीट आत येऊ देत नाही. विडी विझू नये म्हणून जोरजोराने, पुन्हा पुन्हा ओढावी लागते, आणि डांबर व निकोटीन सिगारेटपेक्षा कमी नव्हे, बहुधा जास्तच जाते. मग खोकला लागतो, डॉक्टर ओरडतात, म्हणून विडी सोडून तंबाखू-चुना. छातीचा त्रास कमी झाला की वाटते सुटलो. तिकडे गालफडात रोज बार भरून ठेवलेला. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आली, तर कोणी मावा धरला, नागपूर-चंद्रपूरकडे कोणी खर्रा. स्वीडनमध्ये 'स्नूस' नावाची ओठाखाली ठेवायची तंबाखू आहे. ती विशिष्ट पद्धतीने वाफवून बनवतात, त्यात कर्करोग लावणारी द्रव्ये कमी राहतात. तिथे सिगारेट ओढणारेही फार थोडे. हे उदाहरण काही लोक आपल्याकडे देतात. पण आपली तंबाखू, तिच्यातला चुना, जोडीची सुपारी यांचा त्या स्नूसशी काही मेळ नाही. तोंडाच्या कर्करोगाचे जगातले फार मोठे ओझे भारतावर आहे ते याच चिमटीमुळे.

आणि मशेरी? तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, बोटाने दात-हिरड्यांवर घासायची. हे दात घासणे नव्हे, तंबाखू घेणे आहे. हिरडीतून निकोटीन सरळ रक्तात जाते. सकाळी मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोके धरते, कामात लक्ष लागत नाही, असे ज्या भगिनी सांगतात, त्या नकळत व्यसनाची लक्षणेच सांगत असतात. गरोदरपणात याचा परिणाम पोटातल्या जिवावर होतो. मूल कमी वजनाचे जन्मते, मृत जन्माचा धोका वाढतो. भाजताना घरभर होणारा धूर रांगत्या पोराच्या छातीत जातो तो वेगळा. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी केली. पण घरच्या तव्यावर कायदा कसा पोचणार? सासू सुनेला मशेरीची डबी देते, तेव्हा ती काही वाईट हेतूने देत नाही. तिलाही तिच्या सासूने दात दुखतात म्हणूनच दिली होती.

आपल्या समाजाचे आणि तंबाखूचे नाते आणखी एका बाजूने आहे. विदर्भात आपल्या हजारो आयाबहिणींनी विड्या वळून लेकरे शिकवली. कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी १९३० च्या दशकात या विडी कामगारांची संघटना उभी केली. ते १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मध्य प्रांताच्या विधिमंडळात निवडून गेले. आपण रोज ज्या शब्दांनी एकमेकांना भेटतो तो 'जयभीम' रुजवण्याचे श्रेयही त्यांनाच देतात. अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, १२ जानेवारी १९३९ रोजी, क्षयाने ते गेले. म्हणून विडीविरुद्ध लिहिताना आम्ही वळणारीला दोष देत नाही. दिवसभर तंबाखूच्या भुकटीत श्वास घेणाऱ्या त्या बाईला दुसरे काम मिळाले पाहिजे, ही मागणी विडी सोडण्याच्या आवाहनाबरोबरच झाली पाहिजे.

पंचशीलातल्या पाचव्या शीलात तंबाखू येते का, असे विहारात नेहमी विचारले जाते. बुद्धकाळी भारतात तंबाखू नव्हतीच, ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकाच्या अखेरीस आली. तेव्हा नाव शोधून सापडणार नाही. "दारूने झिंग येते, तंबाखूने येत नाही" ही पळवाट मात्र वंदना आटोपताच विहाराच्या पायरीवर चुना मळणाऱ्यांनी काढलेली आहे. सकाळी डोळे उघडताच हात चंचीकडे जातो तिला तृष्णा नाही तर काय म्हणायचे? आता वेपलाही कोणी 'मध्यम मार्ग' म्हणू लागले आहेत. तथागतांचा मध्यम मार्ग म्हणजे विषाची अर्धी मात्रा नव्हे. पण एक गोष्ट आम्ही इंग्लंडच्या त्या डॉक्टरांकडून जरूर घेऊ. त्यांनी व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता रोगी मानले, आणि रोग्याला शिव्या न देता काय देता येईल ते पाहिले. दुःखाचे कारण शोधून उपाय करणे हे आपल्याला परके नाही.

तो उपाय आपल्याकडे कायदेशीरपणे आहे. निकोटीनचे च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळते, दोन आणि चार मिलिग्रॅमचे. त्यात धूर नाही, जळणे नाही, तंबाखूही नाही, फक्त मोजून दिलेले निकोटीन, जे हळूहळू कमी करत साधारण तीन महिन्यांत बंद करायचे. देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २०२२ पासून निकोटीनच्या या उपचाराचा समावेश आहे. म्हणून सरकारी रुग्णालयात जाऊन मागावे. नाही म्हटले तर का नाही, हेही विचारावे. अनेक जिल्हा रुग्णालयांत तंबाखूमुक्ती केंद्र असते. १८००-११-२३५६ हा मोफत दूरध्वनी क्रमांक तर विडीच्या बंडलावर आणि तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो. तिथे समुपदेशक बोलतात. रोजचे चाळीस रुपये तंबाखूत जात असतील तर वर्षाचे १४,६०० होतात. एवढ्यात मुलाच्या कितीतरी पुस्तकांचा खर्च भागेल.

च्युइंगम साध्या गोळीसारखे चावत बसू नये. दोन-चार वेळा हळू चावावे, जिभेला तिखट झिणझिणी लागली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यावे. झिणझिणी गेली की पुन्हा थोडे चावावे, असे अर्धा तास. लाळ भराभर गिळली तर उचकी आणि मळमळ होते. आधी पंधरा मिनिटे आणि तोंडात असताना चहा घेऊ नये, औषध नीट शोषले जात नाही. गरोदर भगिनींनी आणि हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. पहिला आठवडा सर्वात जड जातो. चिडचिड, झोप न लागणे, डोके दुखणे होते, आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेक ओसरते. त्या आठवड्यात घरच्यांनी टोमणे मारू नयेत. चौथ्या दिवशी एक विडी ओढली म्हणून सगळे फुकट गेले असे नाही, पाचव्या दिवशी पुन्हा सुरू करावे. अनेकांची तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात सुटते.

आणि जे आजवर घेत आले आहेत, त्यांनी महिन्यातून एकदा उजेडात आरसा धरून तोंड बघावे. गालाच्या आत, जिभेच्या कडेला, ओठाच्या मागे, हिरडीवर पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, दोन-तीन आठवडे न भरलेला व्रण आहे का, तिखट लागताच आग होते का. आपलीच तीन बोटे उभी करून तोंडात मावतात का, तेही पाहावे. मावत नसतील तर सुपारी-गुटख्याने तोंड आखडत चालले आहे. दुखत नाही म्हणून थांबू नये, सुरुवातीला ते दुखतच नाही. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालयाची रुग्णालये आहेत. तिथे केसपेपर काढून दाखवता येते.